छत्रीला सावली

नवा दिवा लागला आणि पडदे ओढलेले असतानाही मीटरवाल्यांच्या घरात भर दुपार झाली. टेलरबाईंनी शिलाई मशीनवरून मान न उचलता डोळ्यांवर हात धरला. लेकीने विचारलं, आता उन्हातला चष्मा घालून अभ्यास करायचा का?

"गप बसा जरा," मीटरवाले म्हणाले. "तिला खाऊ दे."

ती म्हणजे छत्री. खिडकीजवळच्या कोपऱ्यात काचेची टाकी होती, टाकीत पंपाच्या हवेने सतत बुडबुडणारं खारं पाणी, पाण्यात खडक आणि खडकावर हे मऊ प्रवाळ. बदामी रंगाचं, जाड दांड्याचं, माथ्यावर पसरट, म्हणून नाव छत्री. खुशीत असली की तिच्या माथ्यावर शेकडो बारीक बारीक तोंडं फुलायची आणि पाण्याबरोबर डुलायची. नाखूश असली की ती पिळून ठेवलेल्या स्पंजासारखी दिसायची. गेले काही दिवस घरात स्पंजच होता. प्रवाळाचं पोट उजेडावर भरतं, हे मीटरवाल्यांना माहीत होतं. त्यावरून त्यांनी सरळ हिशेब केला होता: मिटली म्हणजे उपाशी आहे, उपाशी आहे म्हणजे जास्त वाढा. म्हणून हा दिवा. हौस फिटलेल्या एका माणसाकडून आणलेला, जुना पण जबरदस्त.

छत्री उघडली नाही. होती त्याहून आवळली.

दिव्याला उजेड कमी-जास्त करायचं एक गोल बटण होतं. मीटरवाल्यांनी ते ‘जरा ढिलं वाटलं म्हणून’ आणल्या आणल्या आवळून ठेवलं होतं. तेव्हापासून ते गरगर फिरायचं, पण दिव्यावर त्याचा काही वचक नव्हता. वर्गात मॉनिटरचा असतो तेवढासुद्धा नव्हता. दिवा एक तर बंद असायचा, नाहीतर सूर्य.

मीटरवाले हे नाव गल्लीने दिलेलं. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचणं हे त्यांचं काम. मीटरपर्यंतच्या विजेतलं त्यांना सगळं कळायचं. मीटरच्या पुढे तिचं काय होतं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, असं ते मानायचे. स्वतःच्या घरीही तसंच मानायचे, ही अडचण होती. दिवसभर कुत्री त्यांच्यावर भुंकायची आणि माणसं त्यांना बघून तोंड वाकडं करायची. "तुमचा मीटर पळतो," हे वाक्य ते रोज इतक्यांदा ऐकायचे, की एखाद्या घरी कुणी पाणी विचारलं तर ते दचकायचे. घरी आल्यावर मात्र दिवा लावला की छत्री हळूहळू उघडायची. जगात एवढी एकच होती जी त्यांच्या येण्याने तोंड वाकडं न करता तोंड उघडायची. लेक उघडायची, पण ती उलट बोलायला.

"अहो, मला तिथं कटिंगचं टेबल हवंय," टेलरबाई म्हणाल्या. हे त्या पूर्वीही म्हणाल्या होत्या, पण या वेळी मशीन थांबवून म्हणाल्या. "गुडघे गेले माझे जमिनीवर कापड बेतून बेतून. घरात उजेडाचा एक कोपरा, आणि तिथं तुम्ही स्पंज पाळलाय."

"उघडेल गं ती."

"कधी?"

शेवटी तह झाला. टेलरबाईंकडे आजवर यायचं ते उसवलेलं, तोकडं झालेलं, चेन बिघडलेलं. पहिल्यांदाच मोठं काम दारात आलं होतं. नाच शिकवणाऱ्या मॅडमना समुद्रावरचा नाच बसवायचा होता आणि त्यांनी ‘मोठ्या लाटेचा’ झगा नमुना म्हणून शिवायला दिला होता. तो पसंत पडला तर सगळ्या लहान-मोठ्या लाटा टेलरबाईंच्या. मॅडम नमुना बघायला येतील त्या दिवशी छत्री उघडलेली असली तर टाकी राहणार. मिटलेली असली तर टाकी जाणार, टेबल येणार.

"आणि तोवर मी त्या कोपऱ्याकडं बघणारसुद्धा नाही," टेलरबाईंनी पुढचं कलम घातलं. "नाहीतर म्हणाल, तुझ्याच नजरेनं मिटली."

त्यांनी मशीन उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि टाकीकडे पाठ केली. दिलेला शब्द त्या शिलाईसारखाच पाळत. एकदा घातला की उसवत नसे.

दुसऱ्या दिवशी मीटरवाले मासेवाल्याकडे गेले. मासेवाला हा मासे विकणारा असला तरी वागायला डॉक्टर होता. गिऱ्हाईक आत आलं की तो आधी त्याला स्टुलावर बसवायचा, मग "केव्हापासून आहे?" असं विचारायचा. सगळं ऐकून त्याने डोळे मिटले.

"साहेब, तुम्ही उन्हात गेलात की डोक्याला काय करता?"

"टोपी घालतो."

"मग तिची टोपी कुठाय?" त्याने डोळे उघडले. एकदम एवढा उजेड कुणालाच झेपत नाही, तो म्हणाला. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये पातळ जाळीच्या कापडाचे चार-पाच थर आडवे टाका. थोडे दिवस गेले की वरचा एक थर काढा. मग पुन्हा थांबा, पुन्हा एक काढा. तिला कळताही कामा नये, की उजेड वाढतोय. आणि एक सांभाळा, धातू नको. पिन नको, टाचणी नको, काही नको. पाण्यात गंजलं की सगळं संपलं. एवढं सांगून त्याने त्यांना माशांचं खाद्य विकलं. टाकीत मासे नाहीत हे मीटरवाल्यांना घरी आल्यावर आठवलं.

घरात कुणी नव्हतं. लेक शाळेत होती, टेलरबाई दोरे आणायला गेल्या होत्या. आणि मशीनशेजारच्या स्टुलावर जाळीच्या कापडाचे पाच तुकडे एकावर एक रचून ठेवलेले होते. पांढरे, पातळ, टाकीचं माप घेऊन कापल्यासारखे. मीटरवाले क्षणभर तिथंच उभे राहिले. आयुष्यात त्यांना हवी ती गोष्ट हवी तिथं, हव्या त्या मापात कधी मिळाली नव्हती. शंका यायला हवी होती ती इथं.

या घरात एक नियम होता. टाचणी लावलेलं कापड गिऱ्हाइकाचं, बिनटाचणीचं ते उरलंसुरलं, कुणीही घ्यावं. त्यातही लाल डोक्याची टाचणी म्हणजे हात लावाल तर याद राखा. लेक हे बोलायला लागायच्या आधी शिकली होती. शेजारणींना माहीत होतं. मीटरवाल्यांना कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण इतकी वर्षं त्या घरात राहून ज्याला श्वास घेता येतो त्याला हे ठाऊक असणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

त्या पाच तुकड्यांना चारी कोपऱ्यांत लाल टाचण्या होत्या. मीटरवाल्यांना त्या दिसल्या. ‘धातू’ असं ते पुटपुटले, आणि एकेक टाचणी नखाने अलगद काढून त्यांनी ती टाचण्यांच्या गादीत नीट खोचून ठेवली. घरात पसारा केलेला बायकोला आवडत नाही, एवढं त्यांना कळत होतं. मग पाचही थर त्यांनी टाकीवर पसरले आणि दिवा लावला.

काय सुंदर उजेड पडला! पाण्यात जणू कुणी पहाट सोडली. संध्याकाळपर्यंत छत्रीच्या कडेला, अगदी कडेला, दोन-चार तोंडं बाहेर आली आणि इकडेतिकडे बघू लागली. मीटरवाल्यांना वाटलं, आजचं रीडिंग घ्यायला कुणीतरी यायला पाहिजे.

तेवढ्यात मागून टेलरबाईंचा आवाज आला. स्टुलावरची जाळी कुठं गेली, असं त्या विचारत होत्या. लाटेसारखी नागमोडी कड कापलेली, पाच तुकडे, झग्याचा घेर.

मीटरवाल्यांनी टाकीवरच्या थरांची कड बघितली. नागमोडी होती.

त्याच क्षणी त्यांनी सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. ते सांगणारही होते, तोंड उघडलंही होतं. पण समोर छत्रीनेही तोंड उघडलं होतं, नुकतंच, कित्येक दिवसांनी. थर काढले असते तर पुन्हा तोच सूर्य. मीटरवाल्यांनी आपलं तोंड मिटलं. दोघांपैकी एकाचंच उघडं राहू शकत होतं.

टेलरबाईंनी आधी लेकीला धरलं. शाळेच्या प्रदर्शनासाठी नेलीस का? लेक म्हणाली, तिच्या प्रदर्शनाचा विषय ज्वालामुखी आहे, ज्वालामुखीला कुणी झालर लावत नाही. मग त्यांनी मशीनखाली बघितलं, पेटीत बघितलं, आणि शेवटी त्यांची नजर टाचण्यांच्या गादीवर गेली. सगळ्या लाल टाचण्या ओळीने खोचलेल्या.

त्या मटकन बसल्या. "म्हणजे मीच काढल्या," त्या हळूच म्हणाल्या.

तर्क बिनतोड होता. त्या घरात आजवर दुसऱ्या कुणीही काढलेली टाचणी गादीत परत खोचलेली नव्हती. ती नेहमी पायातच सापडायची. ज्याअर्थी टाचण्या जागेवर आहेत, त्याअर्थी त्या टेलरबाईंनीच काढल्या, आणि जाळी त्यांनीच कुठंतरी ठेवली. कुठं, ते आठवत नव्हतं. ज्या बाईला गल्लीतल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप तोंडपाठ होतं, तिला.

लेकीला खरं कळायला टाकीकडे एकदा बघणं पुरलं. आईने ती बंदी स्वतःवर घातली होती, तिच्यावर नाही. तिने बापाला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, आत्ताच्या आत्ता सांगा तिला."

"सांगतो. पण एकदम काढले तर छत्री मरेल. मासेवाला म्हणाला, थोडे दिवस जाऊ द्या आणि एकेक काढा." मीटरवाल्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आपण असं करू. एक थर निघाला की तो तुझ्या आईला कुठंतरी सापडेल. मग दुसरा निघेल, तो सापडेल. छत्रीला कळणार नाही, आईला कळणार नाही."

"ही फसवणूक आहे."

"सवय लावणं आहे."

लेक तत्त्वाची पक्की होती. पण भूगोलाच्या चाचणीचा पेपर तिच्या दप्तराच्या तळाशी पालकांच्या सहीची वाट बघत होता, आणि त्यातले गुण आईला दाखवण्यासारखे नव्हते. शिवाय ती टाकीशी गेली तेव्हा एक इवलंसं तोंड नेमकं तिच्याकडे वळून डुललं. सही झाली आणि कटात दोघं झाले.

पहिला थर पलंगावरच्या गादीखाली सापडला. टेलरबाईंना हायसं वाटलं. गादीखाली ठेवलं असेल, सुरकुत्या जाव्यात म्हणून, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि तो झग्याला आतून लावून टाकला. दुसरा कपाटाच्या मागे सापडला. या वेळी समजूत घालायला वेळ लागला. जाळी जराशी कडक लागत होती, खळ दिल्यासारखी. "धुळीनं असेल," टेलरबाई म्हणाल्या, पण घेर छान फुगून उभा राहत होता, म्हणून त्यांनी न धुता तसाच शिवला.

तिसऱ्या थराची वेळ आली तोवर टेलरबाईंनी सगळं घर पालथं घातलं होतं. पेटारे, फळ्या, पलंगाचे खण, लेकीचं दप्तरसुद्धा. दप्तराच्या तपासणीत भूगोलाचा पेपर निघाला, त्यावर बापाची सही निघाली, आणि दोघंही त्या दिवशी मान खाली घालून जेवले. मुद्दा असा, की जाळी ‘सापडायला’ घरात जागाच उरली नव्हती. मीटरवाल्यांनी पुष्कळ विचार केला आणि न तपासलेली एकमेव जागा शोधून काढली.

सकाळी भाजी काढायला टेलरबाईंनी फ्रिजचा खालचा खण उघडला. कोबी आणि गाजरांच्या मध्ये, नीट घडी घालून, लाटेचा तिसरा थर ठेवलेला होता.

खण बंद करून त्या खुर्चीवर बसल्या आणि आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, "मला प्रश्न विचार."

"कसले?"

"कसलेही. डोकं चालतंय का बघायचंय."

लेकीच्या हाताशी भूगोलाचंच पुस्तक होतं. तिने राजधान्या विचारल्या. टेलरबाईंना एकही आली नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"आई, त्या तुला आधीही येत नव्हत्या."

"आधी मी फ्रिजमध्ये झगे ठेवत नव्हते."

हे बोलणं मीटरवाल्यांनी दाराआडून ऐकलं. टाकीवर आता दोनच थर होते आणि छत्रीचं रीडिंग रोज थोडं वर चढत होतं; अर्धा माथा फुलला होता. पण पाठीमागे बायको रडत असताना फुललेल्या छत्रीकडे बघायची मजा येत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. संध्याकाळी सांगायचंच, असं ठरवून ते कामावर गेले. दिवसभर ते प्रत्येक मीटरसमोर उभं राहून तालीम करत होते. "माझी चूक झाली. मला माफ कर. मी तुझ्यापासून लपवलं." एका घरच्या काकूंनी हे सगळं ऐकलं आणि आत जाऊन गेल्या वर्षभराची बिलं काढली.

इकडे घरी टेलरबाईंनी मॅडमना फोन लावला होता. त्यांनी साधं सांगितलं, की माझ्याच्यानं आता काम होईलसं वाटत नाही, वस्तू ठेवते कुठं आणि सापडतात कुठं, तुम्ही दुसरं कुणीतरी बघा. मॅडम बोलायला तुटक होत्या. त्या म्हणाल्या, झालंय तेवढं आज संध्याकाळी येऊन बघते, मग ठरवू. आणि फोन ठेवला.

नमुना बघायचा दिवस पुढच्या आठवड्यातून उचलून असा एकदम आज संध्याकाळवर येऊन बसला. लेक शाळेतून आली तेव्हा आई अपुरा झगा मांडीवर घेऊन बसली होती.

"कामच हातचं जाणार, तर टेबल कशाला?" टेलरबाई म्हणाल्या. "राहू दे त्यांची टाकी. बघू तरी ती छत्री." आणि लेकीला काही सुचायच्या आत त्या उठून कोपऱ्याकडे वळल्या.

मीटरवाले दारात आले तेव्हा टेलरबाई टाकीसमोर उभ्या होत्या. हातात दोन्ही थर, दिवा पूर्ण पेटलेला, त्यांचा चेहरा त्या उजेडात निळसर पांढरा. लेक भिंतीला चिकटून भिंत व्हायचा प्रयत्न करत होती. दिवसभर घोटलेलं वाक्य मीटरवाल्यांच्या तोंडून बाहेर पडलं, पण सगळा क्रम उलटा झाला. "माफ केलं, लपव, माझ्यापासून," असं काहीतरी ते म्हणाले.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे," टेलरबाई म्हणाल्या. आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मीटरवाल्यांनाही धीर येऊन ते हसले. तेव्हा त्या थांबल्या.

"तुमचं कुठंय?"

मीटरवाल्यांनी हसू आवरलं.

"लाल टाचण्या होत्या ना?"

"होत्या. मी सगळ्या काढल्या. एकही पाण्यात पडू दिली नाही."

"लाल म्हणजे काय?"

मीटरवाल्यांनी मनापासून विचार केला. "लाल म्हणजे... लाल."

टेलरबाईंनी लेकीकडे बघितलं, लेकीने छताकडे. पुढचं बरंच बोलायचं होतं, पण मॅडम यायला तासभरसुद्धा उरला नव्हता आणि हातातले थर झग्याबाहेर होते. ते धुवायला वेळ नव्हता. टाकीतले बुडबुडे इतके दिवस त्यांच्यावर फुटत आले होते. वरच्या तीन थरांपर्यंत थोडेच शिंतोडे पोचले होते, हे दोन मात्र पाण्याला लागून असलेले. दिव्याच्या उबेने पाणी उडून गेलं होतं आणि मीठ तसंच राहिलं होतं, धाग्या धाग्यावर, कणाकणाने. टेलरबाईंनी ते झटकून बघितलं. पडेना. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "काम तर जातंच आहे, निदान अर्धं शिवलेलं जायला नको." आणि मशीन धडधडायला लागलं. लेक कड धरत होती. मीटरवाल्यांना बोटही लावायची परवानगी नव्हती.

मॅडम आल्या. बसल्या नाहीत. "ताई, कुठाय?" एवढंच म्हणाल्या. टेलरबाईंनी झगा दोन्ही हातांनी उचलून धरला, तो नेमका टाकीच्या बाजूला. दिव्याच्या त्या पांढऱ्या-निळ्या झोतात घेर लेकीने हलकेच हलवला.

आतला थर साधा होता. त्याच्यावरचे किंचित लुकलुकत होते. आणि सगळ्यात वरच्या थराच्या नागमोडी कडेवर बारीक पांढरी चमक अशी फुटत गेली, जशी खडकावर आदळलेली लाट क्षणभर तशीच थांबावी. मॅडम पुढे झाल्या. त्यांनी कड बोटांत धरली. टिकल्या नाहीत, चमकी नाही. डिंक तर नाहीच.

"हे काय लावलंय?"

टेलरबाईंनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घरची पद्धत आहे," त्या म्हणाल्या.

मॅडमनी बोट नकळत ओठांना लावलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. "खारट लागतंय."

मीटरवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"समुद्र आहे ना," टेलरबाई म्हणाल्या.

मॅडमनी झगा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, हलवला, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच सलग तीन वाक्यं बोलल्या. त्यांना हेच हवं होतं. बाजारातल्या चमकीने समुद्र लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. सगळ्या लाटा अशाच हव्यात, आतून बाहेर चमक वाढत जाणाऱ्या. लेकीने मध्येच विचारलं, पावसात भिजलं तर? आईने तिच्या पायावर पाय दिला आणि सांगितलं, की नाच छपराखाली आहे.

"वेळ लागेल हं मॅडम," टेलरबाई पुढे म्हणाल्या. "एकेक थर मुरावा लागतो."

मॅडम गेल्यावर मीटरवाल्यांना तह आठवला. नमुना बघायचा दिवस होता. त्यांनी टाकीत बघितलं. या सगळ्या गोंधळात दिवा सबंध वेळ उघडा पेटलेला होता, वर एकही थर नव्हता, आणि छत्री पार मिटली होती. मुठीसारखी. माथ्यावर मेणचट पापुद्रा आला होता. रीडिंग शून्य.

मीटरवाले शब्दाला बायकोइतकेच पक्के होते, फक्त त्यांना शब्द जरा उशिरा आठवायचा. त्यांनी दिवा बंद केला, बादली आणली आणि टाकीत रबराची नळी सोडली.

"काय करताय?" टेलरबाईंनी विचारलं.

"ठरलंय ना. मिटलेली असली तर टाकी जाणार."

"कुठं नेताय माझी टाकी?"

मीटरवाल्यांच्या हातातली नळी तशीच राहिली. ‘माझी’ हा शब्द त्यांनी दोन-तीनदा मनात उलटून बघितला.

"एवढ्या लाटा मुरवायच्यात," टेलरबाई म्हणाल्या, "मी काय मिठागरात जाऊ? नळी काढा ती. आणि बुडबुडे वाढवता आले तर बघा. बटण आवळू नका फक्त."

दुसऱ्याच दिवशी नव्या जाळीचे थर टाकीवर चढले, आणि या वेळी चारी कोपऱ्यांना लाल दोऱ्याचे टाके होते. टाचणी नाही, कारण धातू नको, हे टेलरबाईंनी आता मीटरवाल्यांना बजावून सांगितलं, त्यांना ते कधी माहीतच नसल्यासारखं. कटिंगचं टेबलही आलं. टाकी हलणार नव्हती आणि उजेड तर तिथंच होता, म्हणून ते टाकीला लागून बसलं, जिथं मीटरवाल्यांची खुर्ची असायची. खुर्ची गॅलरीत गेली. तिथून कुंड्या दिसायच्या.

छत्री मात्र मिटलेलीच राहिली. मीटरवाले घाबरून मासेवाल्याकडे गेले, स्टुलावर बसले, केव्हापासून आहे ते सांगितलं. मेणचट पापुद्र्याचं ऐकून मासेवाल्याने या वेळी डोळेही मिटले नाहीत.

"कात टाकतेय, साहेब. ही जात अधूनमधून मिटते, जुनी साल सोडते, पुन्हा फुलते. आधीही तेच करत असणार. बरीच रेंगाळली एवढंच."

"मग दिव्याचा संबंध?"

"फारसा नाही."

"मग तुम्ही मला टोपी कशाला सांगितलीत?"

"तुम्ही दिव्याचंच बोलत होतात," मासेवाला म्हणाला, आणि त्यांना माशांचं खाद्य विकलं.

संध्याकाळी मीटरवाले घरी आले तेव्हा टेलरबाई टेबलाशी उभ्या राहून कापड बेतत होत्या. गुडघे सरळ, कात्री सरसर. थरांतून गाळून आलेला मऊ उजेड टेबलावर पडला होता. आणि टाकीत छत्रीने साल टाकली होती. तिचा फाटका पापुद्रा पाण्यात एका बाजूला तरंगत होता आणि ती उघडली होती, सबंध माथाभर, पूर्वी कधी उघडली नव्हती अशी. इतकी तोंडं, की रीडिंग घ्यायला आकडे पुरले नसते. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून मीटरवाले टेबल आणि टाकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभेच राहिले. टोपी काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"अहो, बाजूला व्हा जरा," टेलरबाई कात्री न थांबवता म्हणाल्या. "उजेड अडतोय."

"कुणाचा? तुझा की तिचा?"

टेलरबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून टाकीकडे.

"दोघींचा," त्या म्हणाल्या.